मोठं काडतूस

रविवार, २ मार्च २०२५

उर्वी जेवायला आली होती. भरली वांगी दोनदा घेतली. मग फोन काढून दोन काडतुसांचे फोटो दाखवले — जेवणाच्या टेबलावर, वांग्यांच्या शेजारी!

जुलैत पुन्हा ग्रीनलंड. हिची पाचवी खेप, आणि यंदा कॅम्पची प्रमुख तीच. चौघंजण, सहा आठवडे, हिमनदीवर मोजमापं घेत. आणि तिथे पांढरी अस्वलं. म्हणून बंदूक. तिथल्या तळावर दोन आहेत, दोन्ही सेमी-ऑटोमॅटिक — एक गोळी सुटली की दुसरी आपोआप तयार. एकीला थर्टी-ऑट-सिक्स काडतूस लागतं, दुसरीला त्याहून मोठं, थ्री-थर्टी-एट. न्यायची एकच. कुठली, ते उर्वीने ठरवून तिच्या टीमच्या प्रोफेसरांना कळवायचं.

"मी छोटा नेणार," म्हणाली.

"छोटी. बंदूक ती."

"छोटी. मोठी फार किक करते, आई. आणि छोटी इनफ आहे. बहुतेक लोक तीच नेतात."

मी म्हटलं, चारशे किलोचं जनावर अंगावर आलं तर "इनफ" म्हणून चालेल का? लोक नेतात म्हणून तू नेणार? भित्री आहेस झालं!

मोहन लेकीची बाजू घेत म्हणाला, "अगं, जेवू दे तिला." उर्वी उठली. ताट उचलून ठेवलं आणि गेली. वांग्यांचा डबा ओट्यावरच राहिला.

सोमवार, ३ मार्च

सकाळभर काडतुसं! कपाटातून जुना ग्राफ पेपर काढला. लहान गोळी पावणेबारा ग्रॅमची, वेग सेकंदाला आठशेवीस मीटर. ऊर्जा चार हजार ज्यूलच्या आसपास. मोठी साडेचौदा ग्रॅमची आणि वर वेगही जास्त — सव्वापाच हजार. फरक थोडाथोडका नाही.

मग किकचा, म्हणजे खांद्याला बसणाऱ्या धक्क्याचा प्रश्न. मोठीची किक दीडपटीहून जास्त, हे खरं. पण सेमी-ऑटोमॅटिक बंदुकीत थोडा वायू पुढची गोळी भरण्यासाठी वापरला जातो, यंत्र मागे सरकतं, त्यामुळे धक्का एकदम बसत नाही, पसरतो. म्हणजे उर्वीचा मुद्दाच संपला!

पुण्याहून या देशात आल्यावर अठ्ठावीस वर्षं इथल्या शाळेत फिजिक्स शिकवलं, पण एवढी मजा कित्येक वर्षांत आली नव्हती. गोळीची गणितं करताना मजा — हेही इथेच लिहिते, बाहेर सांगण्यासारखं नाही.

दुपारी उर्वीला फोन केला. दोन मिनिटं ऐकलं तिने. मग, "आई, प्लीज. तू माझी सुपरवायझर नाहीस."

गुरुवार, ६ मार्च

माझी सुपरवायझर नाहीस म्हणे! पाचवीत असताना पियानो सोडायचा म्हणाली होती. सोडू दिला नाही. सगळ्यात वरची ग्रेड एटची परीक्षा पास झाली. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी रडत आली होती. चहा दिला आणि परत पाठवलं. आज डॉक्टर उर्वी म्हणून चार लोक ओळखतात ते उगाच नाही.

शुक्रवार, ७ मार्च

प्रोफेसर लॉरींना ईमेल लिहिला.

दिवाळीत ते आमच्याकडे जेवायला आले होते, नंतर आभाराचा मेल आला होता, त्यामुळे पत्ता होता. दोन पानं आणि एक तक्ता. फक्त शास्त्र, भावना नाही. मोठं काडतूस का न्यावं, सहा मुद्दे. शेवटी उर्वी चणीने लहान असली तरी कणखर आहे, तिला सूट देण्याची गरज नाही, असं एक वाक्य. खाली सही — एमएस्सी, फिजिक्स, पुणे विद्यापीठ. आणि उर्वीला हे कळवू नये ही विनंती.

जेवणाआधी पाठवला. मोहनला सांगितलं नाही. त्याने काय म्हटलं असतं ते ठाऊक आहे.

मंगळवार, ११ मार्च

प्रोफेसरांचं उत्तर, दोन ओळी. आकडेमोड पटली, मोठी नेण्याची सूचना ते स्वतःच टीमला करतील. पत्राबद्दल बोलणार नाहीत. सज्जन माणूस!

रविवार, ३० मार्च

पाडवा. मंडळाचा हॉल गच्च. सुप्रभाने मला दारातच गाठलं. "काय गं, तुझी लेक म्हणे अस्वलं मारायला निघाली? घरात उंदीर निघाला तर आमचा मिहीर खुर्चीवर चढतो!"

मी म्हटलं, मारायला नाही, संशोधनाला. आणि यंदा प्रमुख ती आहे. सबंध कॅम्प तिच्या हाताखाली. बंदूकसुद्धा साधी नाही, मोठ्या काडतुसाची! सांगताना माझा आवाज चढलाच असणार, कारण पलीकडच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली.

उर्वी बाजूलाच श्रीखंडाची वाटी घेऊन उभी होती. "आई, इनफ."

घरी येताना गाडीत म्हणाली, "लॉरी अचानक म्हणतात, मोठीच न्या. त्यांना तर कॅलिबर म्हणजे काय हेही माहीत नव्हतं. कुठून आलं कुणास ठाऊक."

मोहन गाडी चालवत होता. मी खिडकीतून बाहेर पाहत राहिले.

शनिवार, १२ एप्रिल

उर्वी नेमबाजीच्या सरावाहून थेट इकडे आली, बाबांना गाडी परत द्यायला. जॅकेट काढताना टी-शर्टचा गळा सरकला. उजवा खांदा काळानिळा! तळहाताएवढा डाग.

मी म्हटलं, हे काय? ती बंदूक तर धक्का पसरवते!

"ती तिथे आहे आई, ग्रीनलंडला. इथे सेमी-ऑटोमॅटिक अलाउड नाही. इथे आम्ही साध्या बोल्टवाल्या, हाताने गोळी भरायच्या बंदुकीवर प्रॅक्टिस करतो, परीक्षाही तिच्यावरच. काडतूस सेम, पण किक सगळी मला." आणि हसली. "डोंट वरी. नेमबाजीच्या परीक्षेपर्यंत खांद्याला सवय होईल."

ग्राफ पेपरवर मी सगळं धरलं होतं — गोळीचं वजन, वेग, बंदुकीचं वजन. परीक्षा कुठल्या देशात, कुठल्या बंदुकीवर द्यायची आहे, हे धरलं नव्हतं. तिला विचारलंही नव्हतं. वर्गात एखाद्या मुलाने अशी चूक केली असती तर फळ्यापाशी उभं केलं असतं मी त्याला.

हळद गरम करून दिली. लावू दिली नाही तिने. "शर्टला डाग पडेल."

रविवार, १३ एप्रिल

दिवसभर एकच आठवतंय. स्टाफरूममध्ये आम्ही पालकांची पत्रं वाचायचो. "माझ्या मुलाला हुशार मुलांच्या वरच्या सेटमध्ये घाला", "माझी मुलगी लाजाळू आहे पण हुशार आहे". सगळ्यात जास्त यायची आपल्याच लोकांकडून. मी ती मोठ्याने वाचून दाखवायचे, त्यांच्या डिग्र्यांसकट, सह्यांसकट. सगळे हसायचे. मी सगळ्यांत जास्त.

ती मुलं निदान बारा-तेरा वर्षांची होती.

गुरुवार, २४ एप्रिल

उर्वी नापास.

पुठ्ठ्याचं अस्वल, तीस मीटर, पाच गोळ्या. एकही लागली नाही. चौघांत दोघांना तरी बंदूक चालवता आलीच पाहिजे असा नियम आहे, त्या दोघांतली एक ती, म्हणून तिच्या जागी दुसऱ्या कुणाला तरी घेणार. कॅम्पची प्रमुख नाहीच, पण साधी जायचीही नाही ती. हे सगळं तिने फोनवर मोहनला सांगितलं. माझ्याशी बोलायचं नव्हतं.

मोहन म्हणाला, "शांत होती. फार शांत."

छोट्या काडतुसाने परीक्षा दिली असती तर पास झाली असती. तेच तर म्हणत होती ती, पहिल्या दिवसापासून.

शुक्रवार, २५ एप्रिल

सुप्रभाचा फोन. उचलला नाही.

रविवार, २७ एप्रिल

मोहनला सांगितलं. सकाळी, भाजी निवडताना. मेल दाखवला. त्याने चष्मा लावून दोन्ही पानं वाचली, तक्ताही पाहिला. मला वाटलं ओरडेल. तो कधी ओरडत नाही, पण आज ओरडला असता तर बरं झालं असतं.

"तू तिच्या प्रोफेसरला पत्र लिहिलंस."

"हो."

"ती चौतीस वर्षांची आहे."

"माहीत आहे मला!"

"'सूट देण्याची गरज नाही.'" वाक्य वाचून दाखवलं त्याने. "हे कुणी विचारलं होतं गं तुला?"

मी मेथी निवडत राहिले. काड्या पानांत गेल्या आणि पानं काड्यांत. मोहनने चष्मा काढला आणि म्हणाला, "तिला सांग. मी मध्ये पडणार नाही. तू लिहिलंस, तूच सांग."

गुरुवार, १ मे

आज काय केलं ते लिहून ठेवते, म्हणजे पुन्हा होणार नाही. प्रोफेसरांना दुसरा मेल लिहायला बसले! माझी चूक झाली, उर्वीला छोट्या बंदुकीवर पुन्हा संधी द्यावी, वगैरे. अर्धं पान झाल्यावर लक्षात आलं की आपण तेच करतो आहोत. पुसून टाकला.

माझ्याच वर्गातल्या मुलांना मी म्हणायचे — चूक झाली की आधी ज्याचं नुकसान झालं त्याच्याकडे जा, हेडमास्तरकडे नंतर. तोंडाने बोलायला काय जातं!

दोनदा उर्वीला फोन लावला. एकदा वाजण्याआधीच बंद केला. एकदा तिने उचलला, तर मी तिला तिचा स्टीलचा डबा इकडे राहिलाय एवढंच सांगितलं.

"ठेव ना, आई. नंतर नेते."

शनिवार, ३ मे

सांगितलं.

बसने उर्वीच्या घरी, लीथला गेले. मोहन येतो म्हणाला, नको म्हटलं. उर्वीने दार उघडलं, घरातल्या कपड्यांत, केस ओले. मी कोटही काढला नाही. दारातच उभी राहून सगळं सांगितलं, एका दमात, पाठ केल्यासारखं. मेल, तक्ता, ते वाक्य, न कळवण्याची विनंती. तू नापास झालीस ती माझ्यामुळे. तुझी पाच वर्षं मी घालवली. माफ कर, असं म्हटलं. मराठीत म्हटलं. हा शब्द मी तिला याआधी कधी म्हटल्याचं आठवत नाही.

ती दाराला टेकून ऐकत होती. मधे एकदाच विचारलं, "कधी लिहिलंस?"

"सात मार्चला."

"डिग्री पण लिहिलीस खाली?"

"हो."

तिच्या चेहऱ्यावर काय आलं ते मला ओळखता आलं नाही. राग होता. पण नुसता राग नव्हता. मग म्हणाली, "आई, तू आता जा. मला विचार करू दे. उद्या फोन करते."

बसमध्ये एक बाई लहान मुलीला रागावत होती, सरळ बस, पाय खाली. दोन स्टॉप आधीच उतरले आणि चालत घरी आले.

रविवार, ४ मे

उर्वीचा फोन. पत्राचा राग आला आहे, तो जायला वेळ लागेल, असं स्पष्ट सांगितलं. मग म्हणाली, "पण मी त्यामुळे फेल नाही झाले. प्रॅक्टिसमध्ये त्याच मोठ्या काडतुसाने पाचच्या पाच मारत होते मी. परीक्षेत मुद्दाम बाजूला मारल्या. मला जायचं नव्हतं, आई. दोन वर्षं झाली, मला ते काही नकोय."

मी म्हटलं, अगं, मग मला सांगायचंस!

"तुला सांगण्यापेक्षा ते सोपं होतं."