गेंड्याच्या थोबाडीत

३ मार्च.
आज गेटसभेत माझं भाषण चालू असताना पॅकिंग खात्यातल्या त्या धिप्पाड गेंड्याने मला स्टुलावरून खाली ओढलं आणि अख्ख्या कारखान्यादेखत थोबाडीत मारली. जेवणाची सुट्टी संपत आली होती म्हणे! क्रांत्या अशाच एका थपडेतून पेटतात. युनियनची निवडणूक तीस तारखेला, आणि गेंडाही उभा आहे. त्याआधी त्याच गेटवर परतफेड केली नाही, तर सेक्रेटरीपद गेलंच. उद्यापासून कराटे.

४ मार्च.
क्लास सायकलच्या दुकानाच्या माडीवर. सर दिवसा दातांचे डॉक्टर. अन्याय आणि प्रतिकार यांवर मी थोडक्यात बोललो. अर्ध्या तासाने सर म्हणाले, आता पाय फाकवून उभे राहा. राहिलो. पँट उसवली.

७ मार्च.
हाडन् हाड ठणकतंय. जोडीला शिंपीणबाई दिल्या आहेत. बाईमाणसावर हात उगारणं माझ्या तत्त्वात बसत नाही, हे त्यांना समजावत होतो, तेवढ्यात त्यांनी बरगडीत लाथ घातली. युक्तिवाद अर्धवट राहिला.

११ मार्च.
सरांनी मला हेरलं! नवा डाव दाखवायचा असला की सगळ्यांसमोर मलाच बोलावतात. काल संध्याकाळी चारदा आपटलं. नाकातून भळाभळा रक्त. आज तोच शर्ट घालून कारखान्यात गेलो. गेंडा टक लावून बघत होता. टरकला असणार. माझा मेहुणा त्याच्याच खात्यात आहे. त्याने विचारलं, दाजी, जिन्यावरून पडलात का? मूर्ख.

१५ मार्च.
माझ्याशी जोडी मिळावी म्हणून आता क्लासात भांडणं होतात. शिंपीणबाई तर कुणाला जवळ फिरकू देत नाहीत. आदर म्हणतात तो हाच. ही म्हणते, अहो, आपटायला त्यांना दुसरं पोतं मिळत नाही का? हिला नेतृत्व कळत नाही.

१९ मार्च.
पुढचा दात पडला. काल संध्याकाळी सरांनीच पाडला, आज सकाळी दवाखान्यात सरांनीच नव्याचं माप घेतलं. तोंडात साचा असल्यामुळे मला बोलता येईना. सर म्हणाले, किती शांत वाटतंय. 'संघर्ष' म्हणताना शिट्टी वाजते. सभेत परिणामकारक ठरेल.

२३ मार्च.
योजना पक्की. आधी नाक फोडायचं. मग जबडा. मग गुडघ्यावर लाथ, म्हणजे धूड आडवं. छातीवर पाय ठेवून त्या दिवशीच्या भाषणातलं अर्धं राहिलेलं वाक्य पुरं करायचं. वाक्य आठवत नाही. नवीन लिहिलं. चार पानं झालं.

२७ मार्च, संध्याकाळ.
शिफ्ट सुटताना गेटवर गाठला. गरजलो, ये गेंड्या, आज तू नाहीस की मी नाही! गर्दी जमली. तो समोर आला. मी मुठी आवळल्या. पण क्लासची शिस्त अशी की, पहिला ठोसा मारण्याआधी समोरच्याला कमरेतून वाकून नमस्कार करायचा. सवयीने वाकलो.
सरळ होतोय तोच गेंड्याने मला कवटाळलं. डोळ्यांत पाणी! म्हणाला, काका, लाजवू नका हो. वयाने मोठे तुम्ही, चूक माझी, आणि पाया तुम्ही पडता? झालं गेलं विसरून जा. टाळ्यांचा कडकडाट. लाथ बसलेली बरगडी आता मोडली असावी. हात मिठीत अडकल्यामुळे ठोसा मारता आला नाही. पण शत्रू रडला! रक्ताचा थेंब न सांडता शरणागती!
ही म्हणाली, रडला तो, पण वाकलं कोण?

३० मार्च.
गेंडा सेक्रेटरी. मतं मोजणाऱ्यांना लवकर घरी जाता आलं. मेहुण्याला खडसावून विचारलं, मत कुणाला दिलंस? म्हणाला, दाजी, तुम्हीच त्याच्यापुढे वाकलात, मग आम्ही काय समजायचं?
गेंड्याने भाषण केलं. म्हणाला, ओव्हरटाइम पुढच्या पगारात मिळवून देतो. कटिंग मशीनवर बोटं जातात, तिथे जाळी बसेपर्यंत मशीन चालू देणार नाही.
एवढंच. मी पुढच्या वाक्याची वाट बघत राहिलो. लोकांनी गेट दणाणून सोडलं.
टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो. बरगडीत कळ आली, तेव्हा कळलं.