मोठेपणाची तपासणी

सोमवार, ४ मार्च
आजपासून रोजनिशी. व्यसनमुक्ती केंद्रातला मुक्काम वाया घालवायचा नाही.
खरं तर मी इथे असायलाच नको. मी दारुडा नाही, निवेदक आहे. निवेदकाचं भांडवल म्हणजे घसा, आणि तो मी शेकत होतो, इतकंच. एका रिसेप्शनला नवरा-नवरीला स्टेजवर बोलावण्याऐवजी मी पाहुण्यांना दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायला सांगितलं, हे खरं. पण सगळे उभे राहिले, हेही खरं. आवाजात दम असल्याशिवाय माणसं हातातली ताटं ठेवून उभी राहत नाहीत. बायकोला हा मुद्दा पटला नाही. तिने इथे आणून सोडलं.
संकल्प: सहाला उठणे. व्यायाम. कोणावर चिडायचं नाही.

मंगळवार, ५
साडेआठला उठलो. व्यायाम उद्यापासून. शेजारच्या कॉटवरच्या प्रोफेसरवर चिडलो. झोपेच्या गोळ्यांच्या व्यसनापायी इथे आलेला माणूस इतका घोरतो, याला काय म्हणावं!
मानसतज्ज्ञ मॅडमनी बोलावलं. अंगातली दारू आता पुरती उतरली आहे, तेव्हा स्वभावाची तपासणी करू म्हणाल्या. व्यसनात अडकलेल्या काही माणसांत आपणच मोठे, सगळ्यांनी आपलं कौतुक करावं, समोरच्याचं सुखदुःख दिसूच नये, असं काही आढळतं. ते दारूने आणलेलं की मुळातलंच, हे बोलण्यातून बघायचं असतं.
पुढचं नीट ऐकलं नाही. मोठेपणाची तपासणी! अखेर कोणाला तरी सुचलं. पहिला नंबर सोडायचा नाही.

गुरुवार, ७
फक्कड झाली. तुमच्यासारखे तुम्हीच असं वाटतं का? वाटतं. लोक तुमच्यावर जळतात का? नावं सांगायला घेतली तर मॅडम म्हणाल्या, पुरे. प्रोफेसरने बऱ्याच प्रश्नांना 'सांगता येत नाही' असं उत्तर दिलं म्हणे. नापास होणार बिचारा.

शुक्रवार, ८
घोटाळा. या परीक्षेत जास्त मार्क पडणं चांगलं नसतं. प्रोफेसरने सांगितलं आणि वर हसला. हे आधी सांगायला नको?
कानाला खडा. आजपासून नम्रता. नम्रतेत या वॉर्डात माझा हात धरणारा कोणी नाही. मॅडमना तसं सांगूनही आलो.
त्या म्हणाल्या, पुढच्या रविवारी बायको येणार आहे. तिघांची बैठक होईल, मग मला घरी न्यायचं की नाही ते ती ठरवेल. 'ठरवेल' ऐकून हसू आलं. नेणार नाही तर जाईल कुठे?

सोमवार, ११
आज सगळ्यांसमोर खुर्चीचा प्रयोग. समोर एक रिकामी घडीची खुर्ची ठेवतात. तिच्यात बायको बसली आहे असं समजून बोलायचं, मग स्वतः त्या खुर्चीत बसायचं आणि बायको होऊन उत्तर द्यायचं.
माझ्यातल्या कलावंताला हे काय अवघड? बायको होऊन म्हणालो, अहो, तुमच्याशिवाय घर खायला उठतं. मॅडमनी विचारलं, ताई, आज सकाळपासून काय केलंत? म्हटलं, यांची आठवण काढली. आणि मग? पुन्हा काढली. तुम्हाला स्वतःला काय आवडतं? यांचा आवाज.
प्रोफेसर म्हणाला, वहिनी अगदी तुमच्यासारख्या बोलतात. जळतो.
एक नोंदवून ठेवतो. बैठक संपल्यावर वळून बघितलं, तर बायको त्या खुर्चीत बसलेलीच होती. कला इतकी जिवंत होऊ शकते!

बुधवार, १३
ती जात नाही. जेवताना माझ्यासमोरची खुर्ची रिकामी असते, तिच्यात येऊन बसते. काल बरं वाटत होतं. मी बोलत होतो, ती मान डोलावत होती. आज डोलावत नाही. माझ्या खांद्यावरून मागे कुठेतरी बघत राहते.
ओठ हलतात, आवाज येत नाही. आवाज मलाच पुरवावा लागतो आणि माझ्याजवळची तिची वाक्यं संपली. बावीस वर्षं झाली लग्नाला. तिची म्हणून चारच वाक्यं आठवतात. जेवायला वाढलंय. दार उघडा. हळू बोला. झोपा आता.
याला कारण तीच. मुळात कमी बोलते.

शुक्रवार, १५
भर दुपारी, उजेडात, कॉटसमोर घडीच्या खुर्चीत बसलेली होती. मला भीती वाटते. हे कोणाला सांगितलेलं नाही. मॅडमना सांगितलं तर मार्क आणखी वाढायचे.
सफाईवाल्या मावशींना म्हटलं, ही खुर्ची आधी बाहेर न्या. मावशी म्हणाल्या, खुर्ची काय चावते का तुम्हाला? पण नेली.
खुर्ची गेली. बायको उभी राहिली. तासभर तिथेच उभी. तिच्याकडे बघवेना. शेवटी मीच जाऊन खुर्ची परत आणली आणि पांघरूण डोक्यावरून घेऊन पडलो.
रविवारी खरी आली की हिचा कारभार आटपेल. तोवर भाषणाची तयारी. सुरुवात संथ, मध्ये गहिवर, शेवट टाळीचा. विषय: क्षमा.

रविवार, १७
आली. अंगावर शाल, चेहरा उतरलेला. माझ्या विरहाने, दुसरं काय. तिचा हात हातात घ्यायला मी हात पुढे केला, तर तिने डावा दिला. भावनेच्या भरात माणसाला डावं-उजवं कळत नाही. बसली ती नेमकी त्याच घडीच्या खुर्चीत. भाषणाला दोन्ही हात लागतात, म्हणून हात सोडला आणि सुरुवात केली.
असं मी आयुष्यात बोललेलो नाही. बालपणापासून घेतलं. गहिवराच्या जागी डोळे मिटले आणि मिटूनच पुढचं सगळं बोललो, शेवटापर्यंत. डोळे उघडले तर खुर्ची रिकामी.
मॅडमना विचारलं, कसं झालं? त्या म्हणाल्या, ताई गेल्या. म्हटलं, बाहेर रडत असेल. तर म्हणाल्या, तुम्हाला न्यायचं म्हणून घरचे कपडे पिशवीत घालून आणले होते. पिशवी परत घेऊन गेल्या.
गडबडीत नेली असेल. उद्या येईल.

सोमवार, १८
आली नाही.
दुपारी प्रोफेसरने विचारलं, वहिनींच्या हाताला काय झालं? म्हटलं, कसला हात? तो माझ्याकडे बघतच राहिला. काल फाटकापाशी त्याने तिला पाहिलं. शालीखाली कोपरापर्यंत प्लास्टर, हात गळ्यात बांधलेला.
धावत मॅडमकडे गेलो. मला हे का सांगितलं नाही? त्या म्हणाल्या, ताई सांगणार होत्या. दोनदा म्हणाल्या, अहो, जरा ऐका ना. मग उठल्या.
मी मान खाली घातली. मॅडमनी हळूच विचारलं, कोणता हात? मी विचार करून सांगितलं, डावा.
डावा तर मी हातात धरला होता.

बुधवार, २०
रविवारपासून ती खुर्चीतही येत नाही. जेवणघरात समोर कोणी नाही. कॉटसमोर कोणी नाही. खुर्ची भिंतीपाशी ठेवली, खिडकीपाशी ठेवली, पुसून ठेवली. तिची चारही वाक्यं मोठ्याने म्हणून बघितली. माझाच आवाज येतो.
आधी ती दिसायची म्हणून घाबरत होतो. आता दिसत नाही म्हणून घाबरतो. उजव्या हाताला प्लास्टर असलं की माणूस वेणी कशी घालतं? ती वेणी घालते की अंबाडा? प्रोफेसरला विचारणार होतो. लाज वाटली.
उद्या मॅडम फोन करू देणार आहेत. संकल्प एकच. एक प्रश्न विचारायचा, हात कसा आहे? आणि गप्प बसून ऐकायचं. दहा वेळा म्हणून बघितलं. शेवटी साधं म्हणायचं, गहिवर नको.

गुरुवार, २१
तिच्या बहिणीने उचलला, मग तिला दिला. ती म्हणाली, हॅलो.
मी म्हटलं, मी बोलतोय. मग म्हटलं, तुझा हात बघितल्यापासून माझ्या जिवाला चैन नाही. तीन दिवस घास उतरत नाही, झोप नाही, माझे हाल बघून प्रोफेसरच्याही डोळ्यांत पाणी आलं. आवाज छान लागला होता. मध्ये ती काहीतरी म्हणायला लागली, तिला म्हटलं, थांब, आधी माझं पुरं होऊ दे. पुरं झालं तेव्हा पलीकडून काही ऐकू येत नव्हतं. फोन कधी ठेवला, कळलं नाही.
प्रोफेसर दारातच उभा होता. कसा आहे म्हणाल्या हात?
ते विचारायचं राहिलं.