फळ्यावरचं शेत

३ ऑक्टोबर
उद्या भावाच्या, उत्तमच्या सोयाबीनमध्ये पीक कापणीचा प्रयोग. शेतात एक चौकोन आखायचा, तेवढाच कापून वजन करायचं — त्यावरून केनवडचा उतारा, म्हणजे एकरी उत्पन्न ठरणार, आणि तो कमी भरला तरच गावाला पीकविमा. नमुना कसा निवडावा हे मी विद्यापीठात तीस वर्षं शिकवलं. पुस्तक लिहिलं, दिल्लीच्या समितीवर बसले. पुढच्या आठवड्यात रिसोडला सत्कार आहे. आणि माझा सख्खा भाऊ विचारतो, "ताई, चौकोन त्या खोलगट भागात नाई का पाडता येत?" तिथं पाणी साचून पीक सडलंय ना! म्हटलं, जरा लाज बाळग.

४ ऑक्टोबर
प्रयोग झाला. कृषी सहायक म्हणून आली ती सुप्रिया, माझीच विद्यार्थिनी. पावलांचे आकडे तिनं चिठ्ठ्या टाकल्यासारखे काढून आणले होते. नैऋत्य कोपऱ्यापासून तेवढी पावलं चालायची. थांबू तिथं चौकोन. आभाळ गच्च. ती धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, मोबाईलमध्ये डोकं घालून उभी. मी म्हटलं, ठेव तो. बोट दाखवलं — हा साउथ-वेस्ट, चला.

चौकोन उंचवट्यावर पडला. शेंगा लगडलेल्या.

"ताई, इकडून कायले मोजून राह्यली? सारं नुकसान तं तिकडं हाय," उत्तम म्हणाला. मागे जमलेल्या गावकऱ्यांतून भागिरथाकाकू — "शिकलेल्या बाईले गावाचं दुखनं कायले दिसन!"

मी ऐकून घेणाऱ्यांतली नाही. सगळ्यांसमोर सुनावलं, की अशा बेइमानांत जन्मले याची मला शरम वाटते. सुप्रिया काही बोलू पाहत होती. तिलाही गप्प केलं.

वजन भरघोस. विमा गेला.

५ ऑक्टोबर
घरात भाकर ताटात आदळते. खरं वागलं की हे असंच.

६ ऑक्टोबर
आभाळ निवळलं. सकाळी शेतावर गेले. उत्तमनं काल हार्वेस्टर लावला, सगळं सपाट. परवाच्याच जागी धुऱ्यावर उभी राहिले. सूर्य डाव्या हाताला होता. माझ्या साउथ-वेस्टच्या मागून वर येत होता.

फळ्यावर शेत काढलं की खालचा डावा कोपरा साउथ-वेस्ट. कॉन्व्हेंटातल्या नकाशात तसंच होतं, मीही तसंच काढत आले. इथंही जवळचा डावा दाखवून मोकळी झाले. पण आम्ही शेतात शिरलो उत्तरेकडून, म्हणजे जवळचा डावा तो ईशान्य. खरा नैऋत्य कोपरा पार समोर, उजवीकडे — त्या खोलगटात. एवढी पुस्तकं, पण स्वतः शेतात उभं राहून कोपरा कधी ठरवलाच नव्हता.

आता पुन्हा कापायला तिथं काही उरलेलं नाही.

उत्तमला सांगितलं. विम्याचं तो बोललाच नाही. "आमाले बेइमान म्हनली तू, ताई. साऱ्या गावासमोर."

७ ऑक्टोबर
तालुक्याला कृषी कार्यालयात जाऊन लिहून दिलं, चूक माझी आहे. साहेब उठून उभे राहिले, चहा मागवला. "तुमची चूक कशी असेल, मॅडम?" कागद न वाचताच बाजूला ठेवला. सत्काराला नाही म्हणून कळवलं.

८ ऑक्टोबर
सुप्रिया येऊन गेली. तुला कधी कळलं, विचारलं.

"तेव्हाच, मॅडम. मोबाईलमध्ये दिशाच बघत होते."

मग बोलली का नाहीस?

"वर्गात तरी कोण बोलायचं?"

तीस वर्षांत माझ्या फळ्यावरची एकही चूक कुणी दाखवली नाही. मी समजत होते, नव्हतीच.