आकाशपाळणा उतरवण्याबाबत

मी, अनुजा नेमिनाथ मगदूम, वय सत्तावीस, धंदा ड्रोनने छायाचित्रण, राहणार राधानगरी रस्ता, कोल्हापूर, आज हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. मी पूर्ण शुद्धीवर आहे. माझ्यावर कोणी जबरदस्ती केलेली नाही. घाबरलेली मात्र आहे, आणि ते लपवलं तर पहिल्याच परिच्छेदात खोटं येईल. घाबरलेला माणूस मृत्युपत्र करू शकतो का, असं मी वकिलांना विचारलं. ते म्हणाले, "घाबरलेलाच करतो की. बाकीचे पुढच्या वर्षी बघू म्हणतात."

येत्या सोमवारी माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. ती जन्मापासून अरुंद आहे. लहानपणी एकदा शस्त्रक्रिया झाली होती. या वेळची जास्त अवघड आहे. डॉक्टरांनी धोका नीट समजावून सांगितला आहे. काही झालं तर कोणीही त्यांच्याशी भांडायला जाऊ नये. वृषभदादा, हे तुझ्यासाठी लिहिलं आहे.

१. ड्रोन, त्याच्या बॅटऱ्या, कॅमेरा आणि संगणक माझी मैत्रीण व कामातली जोडीदार स्नेहल हिला द्यावा. ठरलेली दोन लग्नं तिने पार पाडावीत. आमचे नियम तिला माहीत आहेत, तरी लिहिते. पाखरं परतायच्या वेळेला ड्रोन वर न्यायचा नाही. घार जवळ आली की फोटो राहू दे, आधी खाली उतर. मी चातुर्मासात ड्रोन अजिबात उडवत नाही. हा माझा नेम आहे, तिच्यावर बंधन नाही. स्नेहल म्हणते, "तुझ्या धर्मानं माझी चार महिन्यांची कमाई बुडते बघ." आता बुडू नये.

२. करमणुकीच्या बागांच्या, आकाशातून काढलेल्या छायाचित्रांचा संग्रहही स्नेहलकडे राहील. त्यात चालू बागा आहेत, बंद पडलेल्या आहेत आणि नाहीशा झालेल्याही आहेत. कागलच्या पुढचं ओस पडलेलं वॉटर पार्क आहे: निळ्या घसरगुंड्या, आणि हौदात म्हशी. जत्रा उठल्याच्या दुसऱ्या दिवशीचं मैदान आहे, मातीत पाळण्यांची गोल गोल निशाणं घेऊन पडलेलं. एका ठिकाणी तर जमिनीवर उभं राहून काहीच कळत नाही, नुसता ऊस आहे. वरून मात्र झुकझुक गाडीच्या रुळांचं वर्तुळ दिसतं, कारण तेवढ्या पट्ट्यातला ऊस अजून आखूड येतो.

हे फोटो कोणालाही दाखवावेत, पण त्यांना 'भुताची बाग' असली नावं देऊ नयेत. त्या जागी लोकांनी आपली पोरं खांद्यावर घेतली होती.

३. हुपरीच्या आजोबांनी माझ्यासाठी घडवलेले चांदीचे पैंजण दादाच्या मुलीला, आदितीला, द्यावेत. ते वाजतात, म्हणून तिला शाळेत घालू देणार नाहीत. मग घरी घालावेत.

४. धाकट्या आत्याबाबत. आमची बाग बंद पडली तेव्हा तिने भरल्या घरात म्हटलं होतं, "आजारी पोरगी पदरात, तिथं धंदा कसला टिकतोय?" त्यानंतर दर वर्षी क्षमावाणीला, म्हणजे आम्हा जैनांच्या क्षमा मागायच्या दिवशी, मी तिला फोन करून 'उत्तम क्षमा' म्हणत आले. ते नुसतं तोंडाने होतं. आता मनापासून म्हणते. तिला माझ्या साड्यांतली हवी ती एक निवडू द्यावी. हिरवी सोडून. हिरवी आईची आहे, ती वहिनीकडे राहील.

५. बँकेतली शिल्लक अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. त्यांनी ती देवळात देऊन टाकू नये, आधी मोतीबिंदू काढून घ्यावा.

६. आता जमिनीबद्दल. हे कलम मी तीनदा फाडलं आहे.

राधानगरी रस्त्यावर अण्णांची 'रंजन गार्डन' नावाची बाग होती. हुपरीतलं चांदीकाम भावांवर सोडून त्यांनी ती उभी केली. मी पाचवीपर्यंत शाळेत गेले नाही. मला आईने घरीच शिकवलं, आणि घरी म्हणजे टिकिटाच्या खिडकीत. अक्षरं मी बागेतल्या पाट्यांवरून शिकले. सलग वाचलेलं पहिलं वाक्य आकाशपाळण्याच्या पाटीवरचं होतं: 'हृदयविकार असणाऱ्यांनी बसू नये.' मी ते मोठ्याने वाचलं. आईने शाबासकी द्यायला तोंड उघडलं आणि मला जवळ ओढलं.

म्हणून आमच्याच पाळण्यात मी कधी बसले नाही. आकाराम मामा पाळणा चालवायचे. सगळी पोरं वर गेली की ते मला खालून विचारायचे, "कोण कोण रडतंय सांग बघू?" मी चेहरे ओळखून नावं सांगायची. ते माझं काम होतं.

पुढे मोठी पार्कं आली, मग लॉकडाऊन लागला, मग महापुराचं पाणी टिकिटाच्या खिडकीवरून गेलं. आई त्याच साली गेली. अण्णांनी बाकी सगळं भंगारात दिलं, पण पाळणा दिला नाही. दादाला दुकान दिलं आणि पाळण्याखालची जमीन बक्षीसपत्राने माझ्या नावावर केली. आजही ते रोज सकाळी जाऊन त्याला तेल घालतात आणि त्याच्याच सावलीत पेपर वाचतात.

डिसेंबरात मी पहिल्यांदा आमच्या बागेवर ड्रोन उडवला. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या बागा काढल्या, ही काढवत नव्हती. वरच्या बाजूचा जोड गंजून फाटलेला दिसला. खालून तेल घालणाऱ्याला तो कधीच दिसला नसता. मी त्याच दिवशी अण्णांना फोटो दाखवला. ते म्हणाले, "वरनं बघितलं की सगळंच वाकडं दिसतंय."

दादाने एक जाणता फॅब्रिकेटर आणला. तो म्हणाला, एरवी निभेल, पण वळवाच्या वाऱ्यात पाळणा उभा राहणार नाही. दादा म्हणाला, "उद्याच उतरवू या." अण्णा म्हणाले, "तुला जमीन मोकळी पाहिजे व्हय?" दादाचा आवाज चढला. "मी जमीन मागतोय काय? तुमच्या डोक्यावर पडंल म्हणून बोलतोय की!" तेव्हापासून दोघं एका घरात राहून बोलत नाहीत. मीठसुद्धा आदितीमार्फत मागतात.

मामांनी पाळण्याभोवती दोरी बांधली. अण्णा दोरीखालून वाकून आत जातात.

त्यातच जानेवारीत घारीने वरच्या पाळण्यात घरटं केलं. पिल्लं उडेपर्यंत लोखंडाला हात लावायचा नाही, एवढ्या एका गोष्टीवर अण्णा आणि दादा यांचं एकमत झालं. त्यानंतर काय, ते जमिनीच्या मालकिणीने ठरवायचं. म्हणजे मी.

अण्णा पाळणा का सोडत नाहीत, हे दादाला माहीत नाही. त्याला वाटतं, हट्ट आहे. ऑपरेशनची तारीख ठरली त्या दिवशी अण्णा मला म्हणाले, "नवी झडप बसली की ती पाटी तुला लागू न्हाय. पहिली फेरी तुझी. म्हणून तर तेल घालतोय." त्यांच्या बोटांवर तेव्हाही तेल होतं. सोमवारी ते मला शस्त्रक्रियेच्या खोलीच्या दारापर्यंत सोडायला येणार आहेत, आणि त्याआधी हे त्यांच्याकडून काढून घेण्याची ताकद माझ्यात नाही.

पण मी परत आले नाही, तर अण्णा तो पाळणा माझा म्हणून ठेवतील. वळवातही त्याच्याखाली बसतील. म्हणून मी ठरवते ते असं:

पाळण्याखालची जमीन अण्णा आणि दादा यांना समाईक मिळावी. घारीची पिल्लं उडून गेल्यावर आणि वळवाच्या आधी पाळणा उतरवावा. पिल्लं उडाली की नाही, हे मामांनी सांगावं. ड्रोन घरट्याजवळ नेऊ नये. पाळणा माझी आठवण म्हणून ठेवू नये. त्याचा एकही भाग घरात आणू नये, पाटीसुद्धा नाही. हा निर्णय माझा आहे. दादाने मला तो सुचवलेला नाही, त्यासाठी माझी मनधरणी केलेली नाही. याचा राग येईल तो माझ्यावर यावा. मी तो सहन करू शकेन.

अण्णा, फेरी राहिली असं समजू नका. तुमचा पाळणा जिथे जाऊन परत फिरायचा, त्याच्याही वरून मी खाली बघितलं आहे. डिसेंबरातल्या त्या फोटोत जोडाच्या खाली एक पांढरी टोपी आहे. ते तुम्ही आहात. हातात पेपर आहे.

७. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वृषभदादाने करावी. मी बरी होऊन आले तर हे लागू होणार नाही, आणि सहाव्या कलमातलं सगळं मला अण्णांसमोर बसून तोंडाने सांगावं लागेल. ऑपरेशनपेक्षा मला त्याचीच भीती जास्त आहे. तरी मी सांगेन. निर्णय तोच राहील.

८. शेवटचं काम स्नेहलचं. पाळणा निघाल्यावर एक पावसाळा जाऊ द्यावा. मग गवत उगवलं की बागेवर ड्रोन न्यावा. जिथे पाळणा होता तिथे गवताचा रंग वेगळा येईल, सगळीकडे येतो. तो फोटो मोठा करून अण्णांना द्यावा. माझ्या संग्रहात आमच्या बागेची जागा मी मोकळी ठेवली आहे, तिथे तोच लावावा.

फोटो बघून अण्णा पुन्हा म्हणतील, वरनं सगळं वाकडंच दिसतंय. दादाने वाद घालू नये. त्यांच्याशेजारी बसावं आणि विचारावं, टिकिटाची खिडकी कुठे होती. ते बोट ठेवून दाखवतील.

वरील मजकूर मी वाचून पाहिला. खाडाखोड नाही. खालील दोघांसमोर मी सही केली आणि माझ्यासमोर त्यांनी केली.

अनुजा नेमिनाथ मगदूम

साक्षीदार:

१. डॉ. संयोगिता घाटगे, आमच्या घरच्या डॉक्टर. मी शुद्धीवर असल्याचा दाखला त्यांनी सोबत जोडला आहे.

२. आकाराम दत्तू पोवार, पाळणाचालक. साक्षीदाराला काही देऊ नये असं वकिलांनी सुचवल्यामुळे मामांना मी काहीच ठेवलेलं नाही. त्यांना तसं सांगितल्यावर ते म्हणाले, "काय नको मला. सोमवारी तेवढी परत ये. खाली उभा ऱ्हातो मी."

कोल्हापूर, ९ फेब्रुवारी २०२६