हळद पिवळीच राहणार

मंगळवार संध्याकाळ, सानपाडा

डोकं अजून तापलंय. आमच्या पावणे गावातल्याच एका लग्नाचा व्हिडिओ एडिट करतेय. स्टुडिओच्या सरांनी हळदीच्या एका क्लिपवर रंगांचं ऑटो करेक्शन मारलं आणि म्हणाले, "हेच आकडे बाकीच्या क्लिप्सना पेस्ट कर, विषय संपला."

केले. तर हळदच गायब! सॉफ्टवेअरला वाटलं, दिव्यांच्या उजेडाने सगळं पिवळं पडलंय, म्हणून त्याने पिवळा रंगच काढून टाकला. नवरीच्या आत्याचे हळदीने माखलेले तळवे पिठात बुडवल्यासारखे पांढरे. सर म्हणाले, "क्लीन दिसतंय की. कोण बघतंय एवढं?"

कोण बघतंय? अख्खं गाव बघणार. आमच्याकडे लग्नापेक्षा हळदीला माणसं जास्त असतात, हे सॉफ्टवेअरला माहीत नसेल, मला आहे ना?

सर चहाला खाली गेले तेव्हा सगळे आकडे उडवले आणि एकेका क्लिपचा रंग हाताने जुळवला. आत्याचे तळवे पुन्हा पिवळेधम्मक.

सर परत आले. "अगं, हे परत पिवळं पडलंय!"

"पडलं नाही सर, आत्याने लावलंय. मी नाही पुसणार."

उद्या केबिनमध्ये बोलावतील. बोलावू देत. हळदीची फाईल मी तशीच सेव्ह करून आलेय.