ओपन सोर्ससाठी माझा साक्षांकित अर्ज

१ मार्च
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात. बसचं वेळापत्रक दाखवणारं एक ओपन सोर्स ॲप आहे, जगातल्या कुणीही त्यात दुरुस्ती पाठवावी असं. उन्हाळ्यात ते सहा विद्यार्थी कामाला घेणार. म्हणजे बाकीच्यांसाठी पाच जागा. अण्णांनी फोनवर बजावलंय, निवड झाली तर ऱ्हा सोलापुरात, न्हाय झाली तर गुमान टेंभुर्णीला येऊन आपल्या खताच्या दुकानात बसायचं. मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, आणि खताची पोती मोजू? छे!

४ मार्च
नियम वाचले. आधी ॲपमधली एखादी बारकी चूक दुरुस्त करून पाठवा, मग अर्ज. बारकी? बारकी कामं बारक्यांनी करावीत. मी डायरेक्ट मोठ्यात हात घालणार.

७ मार्च
ॲपवाल्यांच्या ग्रुपवर ओळख करून दिली. 'महोदया, वरील विषयास अनुसरून विनंती करतो की...' सोबत बोनाफाईड, रहिवासी दाखला, बारावीची मार्कलिस्ट. सगळं साक्षांकित. विद्यार्थ्यांना शिकवणाऱ्या मेंटॉर प्रियदर्शनी मॅडमचं उत्तर आलं, कागद नकोत, एखादी चूक निवडा. शिक्के बघून दबल्या असणार.

१२ मार्च
काम फत्ते! मॅडमचं सासर वैरागचं निघालं, आणि आमचे शहाजीमामा वैरागचेच. मामा म्हणाले, लेका, आधी सांगायचं की! लगेच मॅडमच्या सासऱ्यांना फोन. पोरगं आपलंच हाय, तेवढं बघा म्हणून.

१३ मार्च
मॅडमनी ग्रुपवर सगळ्यांसमोर लिहिलं, इथे फक्त काम बघितलं जातं, कृपया कुणी माझ्या सासऱ्यांना फोन करू नये. माझं नाव घेतलं नाही. म्हणजे सांभाळून घेतलं. वशिला पक्का.

२० मार्च
कॉलेजात माझं व्याख्यान, 'ओपन सोर्समध्ये निवड कशी होते'. चाळीस पोरं. वर्गातली अक्कलकोटची चंद्रव्वा सगळं लिहून घेत होती. शेवटी विचारते, तुझी कुठली दुरुस्ती त्यांनी घेतली? काय पण प्रश्न. म्हटलं, माझं वरच्या लेव्हलला चालू आहे.

२७ मार्च
ॲपचा कोड उघडला. लई आहे. बंद केला. आधी प्रपोजलचं कव्हर करतो. फोटो ब्लेझरमधला की साधा?

३१ मार्च, दुपारी ४.४०
साडेपाचला मुदत संपते. प्रपोजल तयार. बेचाळीस पानं. ब्लेझरमधलाच टाकला.

५.१५
फॉर्ममध्ये एक चौकट सक्तीची, 'आम्ही स्वीकारलेल्या तुमच्या दुरुस्तीची लिंक'. हे आधी सांगायला काय झालं होतं यांना?

५.२८
तिथं माझ्या व्याख्यानाच्या फोटोची लिंक टाकली. फॉर्म गेला! गेला म्हणजे चालतंय.

८ मे
यादी लागली. सहा नावं. दोनदा वाचली, माझं नाही. चंद्रव्वाचं आहे.

अण्णांना फोन केला. उद्या सकाळच्या यष्टीनं ये, एवढंच म्हणाले. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

चंद्रव्वा लायब्ररीत भेटली. अभिनंदन केलं. तिनं विचारलं, एक तरी दुरुस्ती पाठवली होतीस काय? न्हाई म्हटलं. ती हसली नाही. इथं बस म्हणाली, आणि ॲपमधली एक चूक काढून दिली. दुपारची अक्कलकोट गाडी पहाटेची दाखवत होती. ती नुसती शेजारी बसली, टाइप सगळं मीच केलं. पाठवलं. संध्याकाळपर्यंत मॅडमनी घेतलंसुद्धा, खाली लिहिलं, छान काम.

अकरा मिनिटं लागली. अख्ख्या मार्चमध्ये मला तेवढी सवड मिळाली नाही.