नावाडीण बुडाली नव्हती

नाना, मी भांडून बसले आहे, आणि ज्यांच्याशी भांडले त्यांतल्या एकाचंही तोंड मी कधी पाहिलेलं नाही. तुम्हाला समजावायचं तर जरा मागून सुरुवात करावी लागेल. तुम्ही मला लहानपणी वाचून दाखवलेली ती शापित नदीची कादंबरी, तिच्यावर आता हिंदीत मालिका आली आहे. त्याआधी कार्टून आलं होतं, आता फोनवर खेळायचा गेमसुद्धा निघाला. यांतलं खरं कोणतं आणि मूळ पुस्तकाची वाट कुणी लावली, यावर दिवसभर वाद घालणाऱ्या लोकांचा एक ग्रुप आहे. मी त्यात आहे. बदली होऊन देवासला आल्यापासून शाळा सुटली की माझ्याशी बोलणारं दुसरं कोणी नाही. कुलूप उघडायचं, चहा टाकायचा आणि ग्रुप उघडायचा, असे माझे दिवस चालले आहेत.

तिथे माझा मान होता. बाकीच्यांनी मालिका पाहिलेली किंवा गेम खेळलेला, मराठी पुस्तक ठाऊक असलेली मी एकटी. राजगढचा एक मिठाईवाला आहे, त्याचं म्हणणं गेमच सगळ्यांत चांगला, कारण त्यात आपला निर्णय चुकला तर परत मागे जाता येतं. त्याच्याशी मी रोज हुज्जत घालायची. मग मालिकेत नावाडीण बुडाली आणि माझं डोकंच फिरलं. मी लांबलचक लिहिलं की यांनी पुस्तकाचा जीवच काढून घेतला, नावाडीण तर कादंबरीतल्या त्या मुलीला शेवटच्या काठापर्यंत घेऊन जाते. तिची वाक्यंही दिली. ओल्या केसांनी वाऱ्यात उभी राहू नकोस. ताटात भात टाकून उठलीस तर नाव हलणार नाही. लोकांना ती वाक्यं इतकी आवडली की त्यांनी पुढे पाठवली, आणि मिठाईवाल्यानं लिहिलं, ‘असली डायलॉग तो दीदी के पास हैं, भिया.’ त्या दिवशी मी चांगली मिरवले.

मग नागपूरची एक मुलगी ग्रुपमध्ये आली. तिच्याकडे पुस्तक होतं. तिनं पानांचे फोटो टाकले. नावाडीण अर्ध्यातच बुडते, आणि तिथून पुढे ती पुस्तकात नाही. कादंबरीतली मुलगी पुढे एकटीच जाते. मी दिलेल्या वाक्यांतलं एकही त्यात कुठे नाही. कुणी मला फेकू म्हटलं, कुणी हसलं. मिठाईवाला तेवढा हसला नाही, त्यानं नुसतं विचारलं, ‘दीदी, आपने कौन-सी किताब पढ़ ली?’ रागाच्या भरात मी त्यालाच सुनावलं. नंतर त्या नागपूरच्या मुलीकडून पुढची पानंही मागवून घेतली आणि इथल्या ओट्याशी उभी राहून मोठ्यानं वाचली. हिंदी शाळेत शिकलेली मी, मराठी बोलते भराभर, पण छापील मराठी आलं की अजूनही अडखळते. म्हणूनच ते पुस्तक मी स्वतः कधी उघडलं नव्हतं. तुम्ही वाचलं होतंत ना, मग मला कशाला वाचायला हवं होतं?

वाचताना डोळ्यांपुढे धारचं आपलं स्वयंपाकघर आहे. आई इंदूरच्या दवाखान्यात, आणि पोळ्या तुमच्या गळ्यात पडलेल्या. मराठी मंडळाच्या वाचनालयातून आणलेलं पुस्तक पिठाच्या डब्याला टेकवून उभं असतं. घरात मराठीच बोलायची आणि रोज थोडी ऐकायची, हा तुमचा नियम, आई आजारी पडली म्हणून तुम्ही तो मोडला नाहीत. हात कणकेनं भरलेले, म्हणून पान मी उलटते. तुम्ही हनुवटीनं खूण केली की उलटायचं. त्या संध्याकाळी तुम्ही इंदूरहून थेट येता, पिशवी खाली ठेवता आणि पोळ्यांऐवजी खिचडी टाकता. आई कशी आहे, मी विचारते. ‘आधी नावाडणीचं काय झालं ते बघू,’ तुम्ही म्हणता. नाव उलटते, आणि तुम्ही मध्येच थांबता. पाणी पिता. मग वाचता की नावाडणीनं दोर धरला आणि ती पोहत काठाला आली. मी टाळ्या वाजवल्या. सकाळी आत्यानं मला जवळ घेऊन सांगितलं, आई गेली. तुम्ही नाही सांगितलंत.

त्यानंतरही तुम्ही आईबद्दल चकार शब्द काढला नाहीत. मी मोठी झाले, नोकरीला लागले, तुम्ही गेलात, तरी नाही. या गोष्टीचा माझा राग तुम्हाला स्मशानात पोचवूनही गेला नाही. लोक म्हणायचे नाना खंबीर आहेत, आणि मला वाटायचं, बायको गेली आणि या माणसाला काही झालंच नाही. पण पुस्तक मात्र तुम्ही संपेपर्यंत रोज वाचत राहिलात. मी पान उलटत होते, आणि पानावर नव्हतं ते तुम्ही वाचत होतात. नावाडीण त्या मुलीची वेणी घालायची, तिला तेल लावायची, परक्या घरी पाणी मागायला लाजू नकोस म्हणायची. ओल्या केसांबद्दल आपल्या घरात कोण ओरडायचं, हे काल ओट्याशी उभं असताना मला आठवलं.

ग्रुपवर अजून माझ्या उत्तराची वाट बघताहेत. मिठाईवाल्यानं दोनदा विचारलं, नाराज तो नहीं हो. खरं लिहिलं तर उद्या त्यावरही वाद घालतील, आणि तुम्हाला मी त्यांच्या हाती द्यायची नाही. तुम्हाला लिहिलेलं हे तर पाठवायला ठिकाणच नाही, म्हणून एवढं लिहवलं. एकच राहिलं आहे. आईचा आवाज मला आठवत नाही, नाना. खूप प्रयत्न केला. ओल्या केसांबद्दल ती ओरडते, आणि ऐकू येता तुम्ही.